साळवे मॅडमची उपवासाची वही

माझी बायको एचआयव्हीनं मेली नाही. हे आधी लिहून टाकतो. ती गेल्या हिवाळ्यात सकाळी चहा टाकता टाकता गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. पासष्टी उलटली होती तिची. हा आजार तिच्या अंगात सोळा वर्षं होता, पण त्यानं तिला नेलं नाही. मधी एकदा न्यायला निघाला होता. एका बाईनं नेऊ दिलं नाही.

त्या साळवे मॅडम. जालन्याच्या सरकारी दवाखान्यात त्या समुपदेशक होत्या. हा शब्द मला धड म्हणता यायला दोन वर्षं लागली. माझी बायको, आमची कौसा, त्यांना 'बोलायच्या मॅडम' म्हणायची. डॉक्टर तपासायचे, सिस्टर सुई टोचायच्या, आणि या बोलायच्या. आता त्या जालन्यात नाहीत, दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. तिथल्या लोकांना ठाऊक नसेल आपल्याकडं काय आलंय ते. म्हणून लिहितो.

उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. अंगावर साधा पंजाबी ड्रेस, हातात घड्याळ, कानात काही नाही. बाहेरच्या बाकावर आम्ही रांगेनं बसायचो, निम्म्यांच्या तोंडाला रुमाल. मॅडम कोणाचं नाव पुकारायच्या नाहीत. स्वतः उठून बाहेर यायच्या आणि ज्याची पाळी असेल त्याच्या खांद्याला हात लावायच्या. म्हणायच्या, "चला. आणि तो रुमाल काढा आता, इथं सगळे एकाच लग्नाचे वऱ्हाडी आहेत." आत टेबल होतं, पण टेबलाच्या पल्याड त्या बसायच्या नाहीत. खुर्ची ओढून आपल्या बाजूला यायच्या.

मी पंधरा वर्षं ट्रकवर होतो. सळई भरून आंध्रात, गुजरातेत जायचो. मंग डोळे कमी झाले म्हणून एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये भट्टीवर लागलो. तिथं खोकला लागला तो जाईना. छातीचा फोटो काढला, बेडका तपासला, टीबी निघाली. टीबीवाल्याचं एचआयव्हीचं रक्तही तपासतात. ते निघालं, आणि मला मॅडमकडं पाठवलं.

त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हणालो, आता जगून काय करू. त्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होत्या. मान वर केली नाही. "मामा, टीबीचं औषध सहा महिन्यांचं आहे. ते आधी पुरं करा, मंग बघू."

मला राग आला. माणूस मरायच्या गोष्टी करतो आणि ही बाई सहा महिन्यांचं काम सांगते. पण खरं सांगतो, त्या सहा महिन्यांवर मी लटकलो, आणि नंतर मरायचं राहूनच गेलं.

आणखी एक लिहायला पाहिजे. साळवे आडनाव ऐकलं की आमच्या गावात माणूस मनातल्या मनात ओळखतो कोण ते. मी पण ओळखलं. आमच्या आईनं त्या वस्तीतलं पाणी जन्मात घेतलं नाही, आणि मी त्याच आईचा. त्या दिवशी मला उबळ आली. मॅडमनं स्वतःच्या पिशवीतली बाटली काढून दिली. उबळीत वरून धरायचं सुचलं नाही, मी तोंड लावून प्यालो. त्यांनी बाटली परत घेतली आणि थोड्या वेळानं बोलता बोलता त्यातलंच पाणी त्या प्याल्या. गावात माझं कळलं असतं तर माझ्या भावकीनं मला लांबूनसुद्धा पाणी ओतलं नसतं. घरी जाताना बसमध्ये मी त्याचाच विचार करत होतो, आजाराचा नाही.

त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, बायकोला आणा, तिचंही तपासू. मी म्हणालो, आणतो, पण एक काम करा. मागं माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. त्या वेळच्या रक्तातून आलं असं तिला सांगा. ट्रकवर असताना मी कुठं कुठं जायचो ते त्यांना सांगून झालं होतं. लाज वाटत होती, पण दार बंद होतं आणि बाई ऐकून तोंड वाकडं करत नव्हती.

त्या म्हणाल्या, "मामा, तुमचं खरं मी मावशीला सांगणार नाही. ते तुमचं आहे. पण तुमच्यासाठी खोटं पण बोलणार नाही. काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

मी रक्ताचंच सांगितलं. कौसाचं तपासलं, तिलाही निघालं. तिनं मॅडमला एकच विचारलं, ताट येगळं करावं लागतं का. मॅडम म्हणाल्या, नाही. ती म्हणाली, मंग ठीक हाय.

मला त्या मामा म्हणायच्या आणि हिला मावशी. कौसा एकदा म्हणाली, "पोरी, हे मामा आन् मी मावशी, मंग आमी बहीण-भाऊ झालो की गं." मॅडम म्हणाल्या, "फाईलवर नवरा-बायको लिहिलंय, तेवढं बास. दोघंही माझ्या आईकडचे. भांडण झालं तर मी कोणाचीच बाजू घेणार नाही, म्हणून तसं ठेवलंय."

दर महिन्याला आम्ही दोघं सोबत जायचो. गावाहून जीपनं अंबड, अंबडहून बसनं जालना. मॅडम आमच्या डब्या उघडून उरलेल्या गोळ्या एका स्टीलच्या ताटलीत ओतायच्या आणि चमच्याच्या दांड्यानं दोन दोन सरकवत मोजायच्या. गोळी चुकवली की उरलेल्या जास्त निघतात. माझ्या कधी एक-दोन जास्त निघायच्या, मंग मला बोलणी बसायची. कौसाच्या कायम बराबर. मॅडम मला म्हणायच्या, मामा, शिका काहीतरी मावशीकडून. कौसा पदर तोंडावर धरून हसायची.

निरोधाची पाकिटंसुद्धा त्या मिठाच्या पुडीसारखी हातात द्यायच्या. मी म्हणालो, मॅडम, मला नातू झालाय. त्या म्हणाल्या, अभिनंदन, आणि पाकिटं घ्या. दोघांनाही आजार आहे मंग कशाला, असं मी विचारलं तर त्यांनी ते नीट समजावलं. एकाकडून दुसऱ्याकडं आणखी विषाणू जातो, कधी औषधाला न जुमानणारा जातो. समजावताना त्या लाजायच्या नाहीत, म्हणून समोरच्यालाही लाजता यायचं नाही. एकदा माझ्या आधी एक नवं जोडपं होतं. पोरगी गरोदर. दोघं बाहेर आली ती रडत, आणि मॅडम त्यांच्या मागं दारापर्यंत येऊन पोरीला एवढंच म्हणाल्या, औषध आजपासून, बाळंतपण दवाखान्यातच, लेकरू चांगलं होईल. दोनेक वर्षांनी ते लेकरू बाकाखालून रांगत पळताना मी बघितलं. त्याची शेवटची तपासणी निल, म्हणजे आजार नाही अशी आली होती. मॅडम त्या दिवशी दुपारी चारला जेवल्या. रोजच चारला जेवायच्या, गर्दी सरल्यावर. डब्यात भाकर आणि ठेचा, आणि जो समोर असेल त्याला अर्धी.

सात-आठ वर्षं अशी गेली. मंग एक नवीन तपासणी आली, रक्तात विषाणू किती आहेत ते मोजायची. आमची दोघांची केली. माझ्यात काही सापडलंच नाही. कौसाचा आकडा हजारांत आला. ती वाळली होतीच, तोंडात छाले यायचे, मी म्हणायचो वय झालं. मॅडमनं कागद दोनदा बघितला. गोळ्या परत मोजल्या. बराबर.

त्यांनी आम्हाला सरळ सांगितलं. तीन महिन्यांनी परत तपासू. तेव्हाही आकडा असाच आला तर हे औषध हिच्यावर चालत नाही असं धरायचं. मंग औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यातून वरची औषधं आणावी लागतील. ती पण नाही चालली तर त्याच्यापुढं त्यांच्या हातात फारसं काही नाही. कौसा ऐकत होती, जशी दुसऱ्या कोणाची गोष्ट चाललीय.

बोलण्यात चार वाजले. मॅडमनं डबा उघडला आणि अर्धी भाकर कौसापुढं केली. कौसा म्हणाली, नको गं, आज संकष्टी हाय माझी, कोरडी. मॅडमचा हात तिथंच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी भाकर खाली ठेवली.

"मावशी, उपवासाच्या दिवशी गोळी घेता का?"

"उपासाला कशी घेईन? पोटात काई जाऊ द्येत न्हाई मी."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. एका घरात राहतो आम्ही. पण मी जेवून, माझी गोळी गिळून आडवा व्हायचो. ती मागचं आवरून कधी झोपते, काय घेते, मी कधी बघितलं नव्हतं.

मॅडमनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "मावशी, मी बौद्ध. माझी आई पौर्णिमेला धरते, मला तर दुपारपर्यंत भूक सहन होत नाही. मला गोळीतलं कळतं, उपवासातलं कळत नाही. तुम्ही शिकवा." कौसाला बरं वाटलं. ती सांगत गेली, मॅडम लाल पेनानं गोल करत गेल्या. सोमवार. दोन्ही एकादश्या. संकष्टी. वर्षातली हरताळका, शिवरात्र, आणि अंबडच्या देवीचं नवरात्र, नऊच्या नऊ दिवस. नुसत्या त्या महिन्यात सात गोल झाले.

मॅडमनं विचारलं, मंग डबीतल्या गोळ्या बराबर कशा निघायच्या? कौसानं हातातली पिशवी उघडली आणि सुपारीचा मोठा डबा टेबलावर उपडा केला. गोळ्याच गोळ्या. काही पिवळ्या पडलेल्या. उपवासाची गोळी ती डबीतून काढून त्यात टाकायची, म्हणजे मोजणीत उरायला नको आणि पोरीला वाईट वाटायला नको. फेकायची नाही, कारण औषध आहे. तिनं माझ्याकडं हनुवटी करून सांगितलं, यांच्या कधी कमी पडल्या तर असू द्याव्या.

मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मावशी, मला फसवलं ते चालतं. रक्ताला फसवता येत नाही." मंग त्यांनी विचारलं, एवढे उपवास कशासाठी.

कौसा म्हणाली, "यांच्यासाठी. दवाखान्यातल्या रगतानं झालं यांना, यांचा काय दोष? देवीला म्हणलं, माझं काई होऊ दे, यांना राहू दे. आन् राहिले की न्हाई?"

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मंग कागद आवरायला लागल्या. कौसा साडीचा पदर सावरत बाहेर गेली तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "मामा, उपवास सोडा असं मी त्यांना सांगणार नाही. ते माझं काम नाही. पण ते कोणासाठी चाललेत, आणि त्या माणसाबद्दल त्यांना काय ठाऊक आहे, ते तुम्ही बघा. तीन महिने आहेत आपल्याकडं."

अंबडच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसलो होतो. माझ्या हातात चहा होता, तिचा उपवास. मी सांगून टाकलं. म्हणालो, कौसा, ते रक्तातून आलं न्हाई. ट्रकवर होतो तवा मी बायांकडं जायचो. तिथून आणलं आन् तुला दिलं. माझ्यासाठी उपास धरू नको.

ती उठली, जीपमध्ये पुढं दोन बायांच्या मधी जाऊन बसली. मी मागं लटकून गावापर्यंत आलो.

महिनाभर तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं, पण तोंडातून शब्द नाही. गोळी घेते की नाही तेही कळेना. विचारायचं तोंड मला राहिलं नव्हतं. पुढच्या तारखेला सकाळी उठून बघतो तर ही घरात नाही. एकटीच जालन्याला गेली होती. जन्मात एकटी बसमध्ये बसली नव्हती ती. मी मागच्या जीपनं गेलो. बाकावर बसलेल्यांनी सांगितलं, तुमची मंडळी कवाची आत हाय. दार बंद होतं. तासभर मी बाहेर बसलो. आतून एकदा रडण्याचा आवाज आला, आणि एकदा दोघींच्या हसण्याचा. हसण्याचा आवाज मला जास्त लागला.

काय बोलल्या त्या दोघी, मला आजपर्यंत माहीत नाही. नंतर कधीतरी मी मॅडमला विचारलं. त्या म्हणाल्या, "मामा, तुमचं मी त्यांना सांगितलं होतं का? मंग त्यांचं तुम्हाला सांगीन असं कसं वाटलं?"

त्या दिवशी कौसा बाहेर आली आणि महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "सोमवार सोडला. नवरात्र सोडणार न्हाई. पण आता ते माझ्यासाठी. आन् गोळी पण माझ्यासाठी." मी मान हलवली. माफ केलं का, हे मी तेव्हा विचारलं नाही, पुढंही नाही.

नवरात्राची तोड त्या दोघींनीच काढली होती, तेवढं कौसानं मला नंतर सांगितलं. कोरडा किती आणि पाण्याचा किती, कोणता चंद्र बघून सुटतो, कोणता सकाळी, हे मॅडमनं सगळं विचारून घेतलं. कोरडा चंद्रोदयाला सुटला की पहिल्या घोटाबरोबर गोळी. नवरात्रात पाणी चालतं, तर घटाला दिवा लावला की गोळी. हरताळकेची तेवढी अडली, तर कौसाच म्हणाली, पहाटे उपास धरायच्या आधी घेईन. मॅडम म्हणाल्या, बघा, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.

तीन महिन्यांनी रक्त गेलं. कागद यायला वेळ लागला, त्या दिवसांत मला जेवण गेलं नाही. कागद आला तेव्हा मॅडम तो घेऊन बाहेर बाकापर्यंत आल्या आणि कौसाच्या मांडीवर ठेवला. तिला वाचता येत नव्हतं. मॅडमनं तिचं बोट धरून रकान्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, इथं काही नाही. कौसानं बोट तिथंच बराच वेळ ठेवलं.

त्यानंतर मॅडमनं एक वही केली. शंभर पानी, शाळेतल्या पोरांची असते तशी. त्यात सगळे उपवास, कोण कसा धरतं, कधी सुटतो. श्रावण यायच्या आधी महिनाभर त्या प्रत्येक बाईला विचारायच्या, तुमचं काय काय असतं. रमजानच्या आधी मुसलमान बायांना विचारायच्या, सहरीला घेता की रोजा सुटल्यावर. एका नव्या सिस्टरनं म्हणलं, अंधश्रद्धा आहे ही, सोडायला सांगा. मॅडम म्हणाल्या, "सोडायला सांगितलं तर सोडतील का? आपल्याला तेवढं सांगायचं सोडतील." वहीत पहिल्या पानावर कौसानं सांगितलेलंच होतं. कधी अडलं की त्या हिला बोलावून विचारायच्या, आणि ही मास्तरणीसारखी सांगायची. चौथी शिकलेला मी बाजूला बसून ऐकायचो. ही तर तेवढीसुद्धा शिकलेली नव्हती.

त्यानंतर आठ वर्षं मिळाली आम्हाला. अंगावर मूठभर मांस चढलं तिच्या. भांडायची खूप. ट्रकचं एकदाही काढलं नाही तिनं, पण भाजीत मीठ कमी म्हणालो की असं बघायची की मी गप जेवायचो. खोटं मनात धरून तिच्यासोबत जेवण्यापेक्षा ते बरं होतं.

ती गेली तेव्हा मी गोळ्या बंद केल्या. ठरवून नाही. तेरावा झाला, पोरगा-सून पुण्याला परत गेली, आणि डबी फळीवर होती तिथंच राहिली. तारीख येऊन गेली. फोन चार्ज करत नव्हतो.

तेराव्यानंतर दहा-बारा दिवसांनी दुपारी मॅडमची स्कूटी दारात आली. तारीख चुकली आणि फोन लागला नाही की दवाखान्याच्या लोकांना घरी येऊन बघावं लागतं. ओट्यावर शेजारची तुळसाबाई आणि भावकीतली तीन-चार माणसं बसली होती. मॅडमनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, मावशी कुठं आहेत.

मी सांगितलं. त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या. ओढणीचं टोक हातात गुंडाळत राहिल्या. मंग विचारलं, त्रास झाला का. नाही म्हणालो. चहा घेतला होता का. म्हणालो, आधण ठेवलं होतं. मंग त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याजवळ सरकून हळू विचारलं, गोळी? मी म्हणालो, बंद केली. आता कोणासाठी घ्यायची.

तुळसाबाईला राहवेना. "कोण गं बाई तू? यांच्या नात्यातली का?"

मॅडम म्हणाल्या, मामांना भेटायला आले. तेवढंच.

मीच सांगितलं. म्हणालो, तुळसाबाई, मला एचआयव्ही हाय. सोळा वर्षं झाली. ट्रकवर असताना झाला. या मॅडमच्या दवाखान्यातलं औषध खाऊन मी जिता हाय. कौसाचं मी काही बोललो नाही. ते तिचं होतं.

एक जण उठला, तो म्हशी सोडायला. तुळसाबाई बसल्या जागी पदर सारखा करत म्हणाली, "तरी म्हणलं, हा एवढा वाळका माणूस मरत कसा न्हाई." आणि आत जाऊन तिनंच चहा टाकला.

मॅडमनं चहा घेतला. मंग म्हणाल्या, "मामा, डबी आणा. उद्या दवाखान्यात या, डॉक्टर बघतील. आजची माझ्यासमोर घ्या. कोणासाठी ते नंतर ठरवा." मी डबी आणली, गोळी घेतली. त्यांनी घड्याळ बघितलं, पिशवीतल्या कागदावर एक खूण केली. तोंडाला ओढणी बांधली आणि स्कूटी चालू केली. पांदीतून वळेपर्यंत मी बघत होतो. त्यांनी मागं बघितलं नाही. त्यांना अजून दोन गावं करायची होती.